‘ते इंजिन सोडून काहीही घ्या’

माझा धंदा जनरेटर भाड्याने देण्याचा. लहान संच हौद्यात चढवून न्यायचे, मोठे ट्रेलरवर ओढत न्यायचे. जुन्या पिकअपची चॅसिस गंजून कामातून गेली (इंजिन मात्र शेवटपर्यंत एका सेल्फमध्ये सुरू व्हायचं) आणि दुसरी गाडी बघणं भाग पडलं. सुरुवातीला मी बघत होते ते वजन, ओढण्याची क्षमता, हौद्याची लांबी. थोड्याच दिवसांत ते सगळं मागे पडलं आणि बोलणं फक्त इंजिनावर येऊन थांबलं. ज्याला विचारावं तो एक इंजिन डोक्यावर घ्यायचा आणि दुसऱ्याचं नाव काढलं की हात जोडायचा.

डिझेल इंजिन मला नवीन नाही. फिल्टर बदलणं, टॅपेट सेट करणं, डिझेल फवारणारे नोझल तपासायला काढणं हे आमच्याकडे नेहमीचं. पण जनरेटरचं इंजिन सुखी असतं. आमचे बहुतेक संच १,५०० आरपीएमवर फिरतात, आयुष्यभर तेवढ्याच वेगाने. पिकअपच्या इंजिनाला थंडगार असताना लगेच पळायचं, चढ चढायचा, मग अर्धा तास नुसतं आयडलवर उभं राहायचं, आणि मालक घाईत असेल तर तापलेला टर्बो निवायच्या आत बंद व्हायचं. त्यामुळे जनरेटरवरचा माझा अंदाज इथे किती चालेल याची मलाच शंका होती.

नवीन गाडी घ्यावी म्हणजे ही कटकट नको, हा पहिला विचार. त्याला खीळ बसली ती बातम्यांमुळे. एप्रिल २०२५ मध्ये जनरल मोटर्सने ६.२ लिटरचं व्ही-८ इंजिन असलेल्या पिकअप आणि मोठ्या एसयूव्ही परत बोलावल्या. गाड्या २०२१ ते २०२४ च्या, एकट्या अमेरिकेत सुमारे ६ लाख. पिस्टनला जोडणारा कनेक्टिंग रॉड आणि इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, बनवतानाच दोष राहिला होता: तेलाच्या वाटांमध्ये गाळ, क्रँकची मापं आणि पृष्ठभाग ठरलेल्या मर्यादेबाहेर. चालत्या गाडीत इंजिन बसू शकतं, म्हणून सगळ्या गाड्या तपासायच्या ठरल्या. त्याच्या एक वर्ष आधी, मे २०२४ मध्ये, टोयोटाने टुंड्रा आणि लेक्सस एलएक्स मिळून सुमारे १ लाख गाड्या परत बोलावल्या होत्या. तिथे नव्या ट्विन टर्बो व्ही-६ मध्ये मशिनिंगचा चुरा आत राहून, क्रँक ज्यावर फिरतो ते मेन बेअरिंग जाण्याचा धोका होता. पुढे कंपनीने त्या गाड्यांची इंजिनंच बदलून द्यायचं ठरवलं.

या गाड्या काही मी घेणार नव्हते. माझ्या कामाला व्ही-८ म्हणजे चैनच. पण त्या बातम्या मी पुन्हा पुन्हा वाचल्या, कारण बेअरिंग जाणं म्हणजे काय हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. क्रँक आणि शेल (बेअरिंगची पातळ धातूची वाटी) यांच्यामध्ये तेलासाठी ठेवलेली फट मिलिमीटरच्या काही शतांश भागांची असते, माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी. तेवढ्यात तेलाचा थर टिकला पाहिजे. चुऱ्याचा एक कण तिथे अडकला की शेलवर ओरखडा, ओरखड्यामुळे थर तुटतो, थर तुटला की धातूवर धातू. एकदा ठोक ऐकू यायला लागली की फार वेळ हातात राहत नाही.

जनरल मोटर्सच्या बातमीतली एक गोष्ट मला जास्त शिकवून गेली. तपासणीत ठीक निघालेल्या गाड्यांना कंपनीने ०डब्ल्यू-२० च्या जागी ०डब्ल्यू-४० तेल द्यायला सांगितलं, सोबत तेलाच्या तोंडाचं नवं झाकण. म्हणजे ज्या पातळ तेलावर मायलेजचं गणित बसवलेलं होतं तेच तेल आता जाड करायचं. आमच्या मिस्त्रीमामांना हे वाचून दाखवलं तर ते हसलेच. “ताई, हे तर आम्ही म्हातारे पहिल्यापासून बोंबलतोय, पाण्यासारखं तेल कुठवर टिकणार?” मामांचं सगळंच बरोबर असतं असं नाही. पातळ तेलासाठी बनवलेल्या इंजिनात मनाने जाड तेल ओतणं हाही वेडेपणाच. पण बनवणाऱ्यालाच आपलं तेल जाड करावं लागतं, तेव्हा आधी फारशी सवड ठेवलेली नव्हती एवढं कळतं.

त्याच बातमीत दुसरा आकडा होता. परत बोलावलेल्या गाड्यांपैकी प्रत्यक्षात दोष असलेल्या सुमारे ३ टक्के असतील, असा कंपनीचाच अंदाज. म्हणजे शंभरातल्या ९७ गाड्यांना काहीच होणार नाही. हा आकडा मी नवऱ्याला सांगितला तर तो म्हणाला, “मग काय, घे की.” माझं मात्र तिथेच अडलं. माझ्याकडे जनरेटर बरेच आहेत. एक बंद पडला तर दुसरा पाठवता येतो, शंभरात तीन हे गणित तिथे चालतं. पिकअप एकच असणार. तो बंद पडला तर सगळे जनरेटर शेडमध्ये आणि मी फोनवर माफी मागत.

एवढं मात्र धंद्यामुळे मला आधीपासून माहीत होतं की तक्रारींचा ढीग बघून इंजिन जोखता येत नाही. मला फोन येतो तो संच बंद पडल्यावर. रात्रभर नीट चालला म्हणून कधी कोणी फोन केलेला नाही. ज्या इंजिनाच्या गाड्या रस्त्यावर लाखोंनी आहेत त्याच्या तक्रारीही जास्तच कानावर येणार. किती तक्रारी आल्या यापेक्षा तक्रार कसली आणि किती किलोमीटरनंतर, हे मी विचारायला लागले. दहा माणसं दहा वेगवेगळ्या गोष्टी सांगत असतील तर ती नशिबाची किंवा हाताळणीची गोष्ट. दहाही जण तोच एक बिघाड, साधारण त्याच रनिंगला सांगत असतील तर तो इंजिनाचा स्वभाव. आणि स्वभाव माहीत असला की त्याची तयारी ठेवता येते.

नव्या गाडीच्या शोरूममध्ये गेले होते. इंजिन नवंकोरं, त्या मालिकेचं पहिलंच वर्ष. मुलगा चुणचुणीत होता, सगळी माहिती पाठ. मी विचारलं, इंजिनाचं काम निघालं तर किती दिवस गाडी उभी राहील? “मॅडम, वॉरंटीमध्ये सगळं फुकट.” फुकट ठीक आहे, पण दिवस किती? आणि तेवढ्या दिवसांत मी ट्रेलर कशाने ओढू? बदली गाडी मिळेल का, आणि मिळाली तर तिला टो हुक असेल का? तो आत कोणालातरी विचारून आला आणि पुन्हा म्हणाला की सगळं वॉरंटीत आहे. त्याला दोष नाही. त्याच्या कागदावर उभ्या गाडीच्या दिवसांचा रकानाच नव्हता. पहिल्या वर्षाचं इंजिन इतरांनी वापरून झाल्यावर बघू असं ठरवून मी जुन्या गाड्यांकडे वळले.

आता जुन्यात दोन गाड्या उरल्या. एकीच्या इंजिनाची ख्याती अशी की नाव ऐकताच लोक मान डोलवतात. दुसरीचं इंजिन टायमिंग चेनसाठी बदनाम (क्रँक आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅम यांना एका तालात फिरवणारी साखळी). नावं दोन्हीची घेत नाही. एका विशिष्ट गाडीत मी जे पाहिलं ते त्या एकाच गाडीबद्दल खरं आहे.

ख्यातीवाली आधी बघितली. ठरलेल्या वेळी पोचले तर गाडी दारात धुऊनपुसून उभी आणि बॉनेटला हात लावला तर गरम. मी आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं की गाडी थंड हवी, मी येईपर्यंत सुरू करू नका. “धुवायला बाहेर काढली होती,” मालक म्हणाले. असेलही. पण डिझेल इंजिनाचं खरं तोंड थंड असतानाच दिसतं. ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू होताना आतली हवा तापवणारे), कॉम्प्रेशन, नोझलची गळती, चेनचा खडखडाट, पहिल्या मिनिटाचा धूर, यातलं बरंचसं गरम इंजिन झाकून टाकतं.

तेलाच्या मुखाचं झाकण काढलं आणि आयडलवर बघितलं. थोडी वाफ येणं वेगळं. इथे फुसफुस करत धूर येत होता आणि झाकण उलटं ठेवलं तर ते थरथरत होतं. गॅरेजच्या भाषेत बॅक कॉम्प्रेशन. पिस्टनच्या रिंगांच्या कडेने जळका वायू खाली उतरतोय. काही इंजिनांमध्ये झाकण थोडंफार नाचतंच, त्यामुळे एवढ्यावरून निकाल लावायचा नसतो. मग डिपस्टिक काढली. तेल वरच्या खुणेच्याही वर. “नुकतंच बदललंय, पोराने जरा जास्त भरलं असेल.” बोटावर घेऊन वास घेतला तर डिझेलचा वास.

इथे थोडं थांबून सांगते, कारण मला हे फार उशिरा समजलं. जनरेटरच्या जुन्या इंजिनांना ही भानगडच नसते. नव्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी पकडणारा फिल्टर असतो, डीपीएफ. तो भरत आला की गाडी स्वतःच तो जाळून साफ करते, आत सुमारे ६०० अंशांपर्यंत तापमान नेऊन. त्यासाठी बऱ्याच इंजिनांत पॉवर स्ट्रोक संपता संपता सिलिंडरमध्ये जादा डिझेल सोडलं जातं. त्यातलं थोडं भिंतीवरून ओघळत तेलात उतरतं. जाळणं पूर्ण झालं तर फारसं बिघडत नाही. पण मालक रोज जवळच्या जवळ फिरत असेल आणि मध्येच गाडी बंद करत असेल तर साफसफाई अर्धवट राहते, पुन्हा सुरू होते, पुन्हा राहते. दरवेळी डिझेल तेलात. तेलाची पातळी वाढत जाते आणि तेल पातळ होत जातं. पातळी वाढली म्हणून खूश होणारी माणसंही मी पाहिली आहेत.

आणि हे भरवशाच्या नावालाही चुकत नाही. हायलक्सइतकं टिकाऊपणासाठी नावाजलेलं नाव दुसरं क्वचितच असेल. पण ऑस्ट्रेलियात ऑक्टोबर २०१५ ते एप्रिल २०२० या काळातल्या डिझेल हायलक्स, प्राडो आणि फॉर्च्युनर मिळून २ लाख ६४ हजारांहून अधिक गाड्यांच्या डीपीएफ यंत्रणेत दोष होता, असा निकाल तिथल्या फेडरल कोर्टाने २०२२ मध्ये दिला. गंमत म्हणजे तिथे फिल्टर तुंबण्याचा धोका जवळच्या फेऱ्यांनी नव्हे, तर ताशी १०० किलोमीटरच्या आसपास सतत पळवल्याने होता. ‘हायवेवर पळवा, आपोआप साफ होईल’ हा सगळीकडे मिळणारा सल्ला तिथे उलटा पडला. इंजिनाचा लोखंडी भाग कितीही दणकट असो, त्याच्याभोवती आता बरंच काही बांधलेलं असतं.

सोबत आलेल्या मामांनी गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावला. फॉल्ट एकही नाही, स्क्रीन स्वच्छ. मालकांचा चेहरा खुलला. मामांनी पुढचं पान उघडलं. गाडीचा कॉम्प्युटर स्वतःच्या काही चाचण्या सतत करत असतो: ईजीआर (जळका वायू थोडा परत इंजिनात सोडणारी यंत्रणा), डीपीएफ, टर्बोचा दाब. फॉल्ट पुसले की या चाचण्यांचे निकालही पुसले जातात आणि पुरेसं चालवल्याशिवाय ‘पूर्ण’ असं येत नाही. इथे बहुतेक ‘अपूर्ण’. त्याखाली आणखी एक ओळ: फॉल्ट पुसल्यापासूनचं अंतर. गाडी जेमतेम गावाबाहेर जाऊन परत येईल एवढंच. “बॅटरी बदलली ना, त्यामुळे झालं असेल,” मालक म्हणाले. हेही होऊ शकतं, बऱ्याच गाड्यांत बॅटरी काढली की हे आकडे शून्यावर येतात. मामा काही बोलले नाहीत, नुसते बॅटरीकडे बघत राहिले. तिच्या टर्मिनलवर पांढरी बुरशी जमली होती.

आम्ही चहाही न घेता निघालो. वाटेत मामा म्हणाले, इंजिन चांगलंच आहे ते, फक्त हे वालं नाही.

चेनवाल्या गाडीकडे जायला घरात कोणाचीच संमती नव्हती. धाकटा दीर गाड्यांच्या बाबतीत स्वतःला तज्ज्ञ समजतो (आणि निम्म्या वेळा असतोही). त्याने स्पष्ट सांगितलं, “वहिनी, ते इंजिन सोडून काहीही घ्या. चेन सैल होते, एक दिवस सटकते, व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, हेड गेलं.” यात एक शब्दही खोटा नव्हता. पण मी ज्यांना ज्यांना विचारलं त्या सगळ्यांनी हाच एक बिघाड सांगितला, दुसरा कुणीच नाही. खालची बाजू, क्रँक, पंप, हेड गॅस्केट, यावर कोणी बोट ठेवलं नाही.

चेन सैल होते म्हणजे ती रबरासारखी ताणली जात नाही. तिच्या प्रत्येक कडीतल्या पिना झिजतात आणि शेकडो ठिकाणची ती बारीक झीज मिळून लांबी वाढते. चेन ताणून धरणारा टेन्शनर तेलाच्या दाबावर चालतो. तेल जुनं, काजळीने भरलेलं असलं की पिनाही लवकर झिजतात आणि टेन्शनरही सुस्तावतो. म्हणजे या बदनाम इंजिनाचं आयुष्य बरंचसं तेलाच्या बिलांवर अवलंबून. कंपनीने सांगितलेलं तेल बदलायचं अंतर फार लांब होतं आणि बहुतेकांनी तेच पाळलं. काहींनी तेही नाही.

या गाडीचे मालक सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले काका. बिलांची फाइल त्यांनी आधी पुढे केली, चावी नंतर. तेल कंपनीच्या अर्ध्या अंतरावर बदललेलं, प्रत्येक बिलावर तेलाचा ग्रेड. आणि मध्ये कुठेतरी चेनच्या कामाचं बिल: चेन, वरखालचे गाईड, टेन्शनर, स्प्रॉकेट, सील. मी भागांचे नंबर वाचत बसले तेव्हा काका म्हणाले, “इतकं कोणी वाचत नाही. सगळे किंमत विचारतात.” बदनामीमुळे किंमतही त्यांना पडूनच सांगावी लागत होती, आणि ते त्यांना बोचत होतं हे दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत गेलो. गाडी रात्रभर उघड्यावर उभी. मामांनी कान टायमिंग कव्हरजवळ नेला आणि मी सेल्फ मारला. चेन सैल असेल तर तेलाचा दाब यायच्या आधीचे दोन-तीन सेकंद डबा हलवल्यासारखा खडखडाट येतो. आला नाही. एक पांढरट झुळूक निघाली आणि विरली. मग स्कॅनरवर कॅम आणि क्रँकच्या कोनातला फरक बघितला. चेन लांबली की हा फरक वाढत जातो. इथे शून्याच्या जवळ.

पुढची तपासणी माझ्या आवडीची. कॉम्प्रेशन बघायचं तर ग्लो प्लग काढावे लागतात, आणि जुन्या डिझेलमध्ये ते हेडमध्येच तुटायची भीती. दुसऱ्याच्या गाडीवर तो धोका कोण घेणार? मामांनी नोझलचे कनेक्टर काढले, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही, आणि बॅटरीच्या केबलवर डीसी क्लॅम्प (करंट मोजणारा चिमटा) लावून ऑसिलोस्कोप, म्हणजे करंटचा आलेख दाखवणारं यंत्र, चालू केला. सेल्फ फिरत असताना प्रत्येक पिस्टन हवा दाबायला वर गेला की स्टार्टरला जोर लागतो आणि करंट वाढतो. स्क्रीनवर टेकड्यांची रांग उमटते, दर सिलिंडरला एक टेकडी. एखादा सिलिंडर कमजोर असेल तर त्याची टेकडी बुटकी. विजेच्या धंद्यात असल्यामुळे मला हे बघताच पटलं. मामांनी चित्र थांबवलं आणि मी स्क्रीनवर पट्टी धरून बघितलं. चारही सारख्या. काका मागे उभे राहून विचारत होते की हे काय चाललंय, मग त्यांनाही मजा वाटायला लागली.

त्यानंतर मी त्यांच्याकडे तेलाचा नमुना मागितला. इथे मात्र ते थोडे दुखावले. “रक्ततपासणी करणार का गाडीची?” म्हटलं, अगदी तेच. गरम इंजिनाच्या डिपस्टिकच्या नळीतून बारीक नळी घालून तेल वर ओढायचं. ड्रेनमधून घ्यायचं झालं तर पहिली धार सोडून मधली घ्यायची, कारण तळाचा गाळ पहिल्या धारेत येतो. बाटली कोरडी, आणि सोबत तेलाचा ग्रेड आणि तेल किती चाललंय ते लिहायचं. ते अंतर लिहिलं नाही तर आकड्यांना अर्थ नाही. पाच हजार किलोमीटर चाललेल्या आणि पंधरा हजार चाललेल्या तेलात लोखंड सारखं असून कसं चालेल?

अहवाल यायला वेळ लागला. दरम्यान दुसरं एक गिऱ्हाईक येऊन गेलं, काकांनी फोन करून सांगितलं, थांबू की देऊ? मी म्हटलं, तुमचा व्यवहार होत असेल तर द्या, माझं अहवालाशिवाय होणार नाही. त्या गिऱ्हाइकाने इंजिनाचं नाव ऐकून माघार घेतली.

अहवालात ठिपक्यांएवढे आकडे असतात, पण प्रत्येकाचं घर ठरलेलं. लोखंड म्हणजे सिलिंडर, क्रँक, चेन. तांबं, कथील, शिसं आलं तर बेअरिंगच्या शेलकडे बघायचं. अ‍ॅल्युमिनियम पिस्टनचं. सिलिकॉन वाढलं तर एअर फिल्टरच्या बाजूने धूळ शिरतेय. सोडियम आणि पोटॅशियम एकदम वाढले तर रेडिएटरचं पाणी तेलात. इथे लोखंड थोडं, बाकी सगळं नगण्य, डिझेलची भेसळ नाही. तेल एसएई ४० चं होतं; त्या ग्रेडची १०० अंशांवरची घट्टता १२.५ ते १६.३ सेंटिस्टोकच्या मध्ये असावी लागते, ती मधोमध होती. फक्त सिलिकॉन किंचित वर. मामांनी एअर फिल्टरचा डबा उघडला तर एक क्लिप नीट बसत नव्हती.

तरी शेवटची परीक्षा बाकी होती. काकांनी या गाडीने कधी ट्रेलर ओढलेला नव्हता, आणि मला रोज ओढायचा होता. माझाच एक संच मागे लावून लांबच्या चढावर घेऊन गेलो. डॅशबोर्डवरच्या तापमानाच्या काट्यावर मी विश्वास ठेवत नाही. बऱ्याच गाड्यांत तो मुद्दाम शांत ठेवलेला असतो. पाणी बरंच तापलं तरी मधोमध बसून राहतो, आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. स्कॅनरवरचा आकडा बघत गेलो. चढताना वाढला, एका जागी थांबला, माथ्यावर उतरायला लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड गाडीचा रेडिएटर होज दाबून बघितला, मऊ होता. हेड गॅस्केटमधून वायू पाण्यात जात असेल तर रात्रभर उभी राहूनही होज फुगलेला कडक राहतो.

एवढं होऊनही मी लगेच हो म्हटलं नाही, आणि त्याचं कारण ही गाडी नव्हती. माझ्या मनात अजून तो एकच पिकअप आणि उभे जनरेटर हेच चित्र होतं. शेवटी आमच्यासारखाच ट्रेलर ओढणाऱ्या एका वाहतूकवाल्याकडे गेले. त्याच्याशी बोलून ठेवलं: माझी गाडी पडली तर तो माझा संच नेणार, त्याची पडली तर मी त्याचं सामान नेणार, भाडं आधीच ठरलेलं, हुकचा गोळा दोघांकडे एकाच मापाचा. हे मी दहा वर्षांपूर्वीही करू शकले असते, जुन्या गाडीने कधी गरजच पडू दिली नाही. ते ठरलं आणि इंजिनाची भीती एकदम तिच्या खऱ्या मापाची झाली. इंजिन बसलं तर खर्च होईल, चिडचिड होईल, पण गिऱ्हाइकाकडे अंधार होणार नाही.

गाडी घेतली. बदनामीमुळे किंमतीत जे वाचलं त्यातला एक वाटा पुढच्या चेनच्या कामासाठी बाजूला काढून ठेवला आहे, आणि तो इतर कशाला वापरायचा नाही असं नवऱ्याकडून कबूल करून घेतलंय. एअर फिल्टरची क्लिप बदलली. तेल काकांच्याच अंतरावर बदलते. ट्रेलर ओढते म्हणून जरा आधीच. पुढच्या नमुन्यात सिलिकॉन खाली आलं. लोखंड किलोमीटरच्या हिशेबाने किंचित वाढलंय. ओझ्यामुळे ते अपेक्षितच, पण आणखी दोन नमुने येईपर्यंत मी त्यावर काही म्हणणार नाही. धाकटा दीर अजून बॉनेट उघडून कान लावतो. परवा म्हणाला, काहीतरी वाजतंय. अल्टरनेटरच्या पट्ट्याची पुली होती, त्याच दिवशी बदलली.